नाबलुस : साबणाच्या पैशावर उभं राहिलेलं शहर

हे स्क्रीनवर जे मनोरे दिसतायत ना, माणसापेक्षा उंच, ते साबणाचे आहेत. नुसत्या वड्या, गोलाकार रचत वर नेलेल्या, आतून पोकळ, आणि दोन वड्यांमधे वारा खेळावा म्हणून फट ठेवलेली. महिनोन्महिने अशाच सुकतात.

हे पॅलेस्टाईनच्या वेस्ट बँक भागातलं नाबलुस. एबाल आणि गरिझीम या दोन डोंगरांच्या मधल्या खोऱ्यात रोमन लोकांनी इसवी सन 72 मधे वसवलेलं शहर. त्याच्याही आधीचं शेकेम हे प्राचीन शहर इथून जवळच, पण तो वेगळ्या व्हिडिओचा विषय, आज आपण साबण धरून चालूया, कारण या शहराचा पैसा, मोठाली घरं, भांडणं, सगळं त्यातच आहे.

साहित्य तीनच. ऑलिव्हचं तेल, पाणी आणि कॉस्टिक सोडा. पूर्वी सोड्याच्या जागी एका रानझुडपाची राख आणि चुना वापरायचे. खालच्या मजल्यावर मोठ्या हंड्यात हे सगळं कित्येक दिवस शिजतं, मग तो गरम लगदा बादल्यांतून जिना चढून वर न्यायचा, फरशीभर ओतून सपाट करायचा, घट्ट झाला की रंगात भिजवलेल्या दोरीने रेघा मारायच्या. आणि मग कारागीर खाली वाकून ठक ठक ठक करत एकेका चौकोनावर शिक्का मारत जातो, हात असा काही चालतो की कॅमेरा मागे पडतो.

आता पैशाचं. ऑलिव्ह झाडावर असतानाच शहरातले व्यापारी खेड्यातल्या शेतकऱ्यांना उचल द्यायचे, बदल्यात सुगीला तेल घ्यायचे, आणि भाव आधीच ठरलेला, म्हणजे बहुतेक वेळा व्यापाऱ्याच्या सोयीचा. ज्यांना उचलीचं गणित माहितीये त्यांना पुढचं सांगायला नको. तेल शहरात आलं, साबण उंटांवरून थेट कैरोपर्यंत गेला, आणि 19 व्या शतकात इथली काही घराणी गब्बर झाली. परंपरा-वारसा म्हणून आपण वड्यांचे फोटो काढतो तेव्हा हा भागही लक्षात ठेवावा असं मला वाटतं.

त्यातलंच एक तुकान घराणं. आजही त्या नावाचा साबण मिळतो, वडीवर दोन चाव्यांची छाप. याच घराण्यात 1917 मधे फदवा तुकान जन्मली. एका मुलाने तिला मोगऱ्याचं फूल दिलं म्हणून घरच्यांनी शाळा बंद केली, लहान पोर होती हो! मग भाऊ इब्राहिम घरीच तिला कविता शिकवायला लागला. फदवा पुढे अरबीतली मोठी कवयित्री झाली, आणि इब्राहिमचं 'मौतिनी' हे गीत 2004 पासून इराकचं राष्ट्रगीत आहे. त्याच इब्राहिमच्या शहरात 1936 च्या एप्रिलमधे पॅलेस्टिनी अरबांची राष्ट्रीय समिती बसली आणि तेव्हा इथे राज्य करणाऱ्या ब्रिटिशांविरुद्धच्या संपाची हाक गेली.

साबणाचं पुढे काय झालं? 1927 च्या भूकंपात जुनं शहर हादरलं, यंत्रावर बनलेला स्वस्त साबण आला, आणि 2002 च्या एप्रिलमधे इस्रायली लष्कर जुन्या शहरात घुसलं तेव्हा जुन्या इमारतींबरोबर साबणाचे कारखानेही पडले. शंभरेक वर्षांपूर्वी तीसच्या आसपास कारखाने होते, आता बोटावर मोजण्याइतके. 2024 मधे युनेस्कोने या साबणकलेला वारशाच्या यादीत घेतलं, छान झालं, पण माल बाहेर न्यायचा तर रस्त्यात इस्रायली लष्कराचे चेकपॉइंट आहेतच.

साबण सोडून आणखी एक. गरिझीम डोंगरावर शोमरोनी (समॅरिटन) लोक राहतात, ज्यूंशी जवळचं नातं असलेला हा जुना धर्मपंथ, जगभरात मिळून हजाराच्या आतले. इथले शोमरोनी अरबी बोलतात, आणि वल्हांडण (पासओव्हर) या सणाला अजूनही मेंढ्यांचा बळी देतात.

आणि नाबलुसला गेलात तर कुनाफा गरमच खा, खाली ताणलं जाणारं चीज, वर केशरी कुरकुरीत थर, त्यावर पाक. सोबत किझ्झा नावाची काळीकुट्ट गोड वडीही मिळते, ती कलौंजी वाटून करतात. पहिला घास कडू लागेल, दुसरा घ्याच.