रोजचे ६०, कधीतरी ५००

(दृश्य: मालवण तालुक्यातली एक वाडी. खळ्यात माटव, माटवाखाली दहा वर्षं वापरलेली पेट्रोल गाडी. पडवीच्या भिंतीवर जाड पिनांचा सॉकेट.)

हा सॉकेट विहिरीच्या पंपासाठी बसवलेला. पंप आता दुसऱ्या बाजूला गेला, सॉकेट तसाच राहिला. गेल्या उन्हाळ्यापासून प्लग-इन हायब्रिड गाडीचा विचार डोक्यात घेतलेला माझा मावसभाऊ, दादा, रोज शाळेला निघताना त्याच्याकडे एकदा बघतो आणि मगच गाडीचं दार उघडतो.

दादा कुडाळला शिक्षक आहे. मालवण, चौके, धामापूर, मग नेरूरपारचा पूल आणि कुडाळ. जायला जेमतेम तीस किलोमीटर, यायला तेवढेच. रस्ता वळणांचा, चढउतारांचा, पावसाळ्यात तर दुसऱ्या गिअरचाच. ही झाली रोजची धाव. दोन महिन्यांतून एकदा मावशीला डॉक्टरकडे न्यायचं म्हणून फोंडा घाट चढून कोल्हापूर. मे महिन्यात आणि गणपतीच्या मागेपुढे मुंबई, म्हणजे एका दमात पाचशे किलोमीटर.

कोकणातल्या बहुतेक घरांतल्या गाडीची कुंडली अशीच निघेल. वर्षातले तीनशे दिवस ती तालुक्याच्या बाहेर फारशी जात नाही आणि उरलेल्या दिवसांत एकदम घाट ओलांडते. म्हणून प्लग-इन हायब्रिड गाडीबद्दल पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला वाटलं, ही गाडी कुणीतरी आमच्या वाडीकडे बघूनच काढली असावी.

(दृश्य: खळ्यातल्या मातीवर काडीने काढलेली गाडीची आकृती. पुढे इंजिन, मागे बॅटरी.)

तिची रचना समजायला सोपी आहे. एकाच गाडीत पेट्रोलचं इंजिन आणि विजेची मोटर. साध्या हायब्रिडमध्येही दोन्ही असतात, पण तिथली बॅटरी अगदी लहान, बहुतेक वेळा दोन युनिटांचीसुद्धा नसते. ती ब्रेक लावताना आणि इंजिनाच्या जोरावर भरते, भिंतीतून नाही. प्लग-इनमधली बॅटरी साधारण दहा ते वीस युनिटांची असते. रात्री घरच्या सॉकेटला लावली की सकाळी चाळीस ते ऐंशी किलोमीटर निव्वळ विजेवर. वीज संपली की इंजिन सुरू होतं. वाटेत थांबायला नको, चार्जर शोधायला नको.

कल्पना नवी नाही. चीनमध्ये बीवायडी कंपनीची एफ-थ्री-डीएम ही प्लग-इन गाडी २००८ च्या डिसेंबरात विक्रीला आली. अमेरिकेत शेव्हर्ले व्होल्ट २०१० मध्ये. म्हणजे कागदावरची नाही, बरीच वर्षं जगभरच्या रस्त्यांवर धावून तपासलेली गाडी आहे ही.

तपासात काय निघालं, तेही ऐकायला हवं. युरोपियन कमिशनने २०२४ मध्ये प्रत्यक्ष रस्त्यावरची आकडेवारी प्रसिद्ध केली. प्रयोगशाळेत जेवढा कार्बन डायऑक्साइड मोजला होता, त्याच्या सरासरी साडेतीन पट या गाड्या रस्त्यावर सोडत होत्या. यंत्रात खोट होती का? मुख्य कारण वेगळं होतं. लोक गाडी हवी तितक्या वेळा प्लगला लावत नव्हते. त्याआधी २०२२ मध्ये आयसीसीटी या संशोधन संस्थेने जर्मनीतल्या फ्राउनहोफर संस्थेबरोबर केलेला अभ्यास हेच सांगतो. स्वतःची गाडी असलेले लोक एकूण अंतरापैकी ४५ ते ४९ टक्के विजेवर चालवत होते. कंपनीने दिलेली गाडी असली, की हेच प्रमाण ११ ते १५ टक्क्यांवर. पेट्रोलचं बिल कंपनी भरणार असेल, तर रात्री उठून वायर कोण लावणार?

प्लगला न लावलेली प्लग-इन हायब्रिड म्हणजे दीडदोनशे किलोचं जास्तीचं ओझं वाहणारी पेट्रोल गाडी. घाटात ते ओझं इंजिनालाच ओढायचं असतं. ज्याच्या घरी गाडीशेजारी सॉकेट नाही, त्याने ही गाडी घेऊ नये, असं मी स्पष्ट सांगेन. दादाकडे सॉकेट आहे, आणि पेट्रोल तो स्वतःच्या खिशातून भरतो. रोज वायर लावण्यासाठी याहून मोठं कारण लागत नाही.

(दृश्य: कुडाळचा पेट्रोल पंप. फिरणारे आकडे.)

मग एका रविवारी आम्ही वही घेऊन बसलो.

पेट्रोल लिटरला १०५ रुपये धरलं. दादाची आत्ताची गाडी या रस्त्यावर लिटरला पंधरा देते. साठ किलोमीटरना चार लिटर, म्हणजे ४२० रुपये. साधी हायब्रिड घेतली, तर जाहिरातीत लिटरला सत्तावीस-अठ्ठावीसचा आकडा असतो. आम्ही आमच्या वळणांसाठी बावीस धरला. रोजचे २८६ रुपये. प्लग-इन असती, तर एका युनिटला पाच किलोमीटर, वर चार्जिंगमध्ये वाया जाणारी वीज, असे चौदा युनिट. युनिटला बारा रुपयांनी १६८.

शाळेचे २२० दिवस. आत्ताच्या गाडीपेक्षा वर्षाला ५५ हजारांची बचत. दादाने हा आकडा दोनदा अधोरेखित केला. पण साध्या हायब्रिडशी तुलना केली की बचत उतरते सव्वीस हजारांवर. म्हणजे प्लग-इन गाडी साध्या हायब्रिडपेक्षा चार लाखांनी महाग असली, तर ते चार लाख वसूल व्हायला पंधरा-सोळा वर्षं लागतील. आमच्या खाऱ्या हवेत सोळा वर्षांनी गाडीचा पत्रा काय अवस्थेत असतो, ते इथल्या माणसाला सांगावं लागत नाही.

आणि हे चार लाखसुद्धा मनातलेच. कारण ही गाडी दादाच्या ऐपतीत कुणी विकतच नाही.

भारतात प्लग-इन हायब्रिड मिळतात, पण कोणत्या? बीएमडब्ल्यूची एक्सएम डिसेंबर २०२२ मध्ये आली, दोन कोटी साठ लाखांना. लॅम्बोर्गिनीची उरुस एसई २०२४ मध्ये, चार कोटी सत्तावन्न लाखांना. त्या गाड्यांवर माझा राग नाही. पण ज्या यंत्राचा सगळा फायदा रोज शाळेत, बँकेत, दवाखान्यात जाणाऱ्या माणसाला होणार, ते त्याच्यापर्यंत पोहोचतच नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं. हे यंत्र स्वस्तात बनत नाही, असंही नाही. चीनमध्ये फेब्रुवारी २०२४ मध्ये बीवायडीने छिन प्लस ही प्लग-इन गाडी ७९,८०० युआनपासून विकायला काढली. तेव्हाच्या दराने साडेनऊ लाखांच्या आत. आपल्याकडे त्या पैशांत मधल्या श्रेणीची पेट्रोल गाडी येते.

करांचंही बघा. २२ सप्टेंबर २०२५ पासूनच्या जीएसटीत पूर्ण विजेच्या गाडीवर ५ टक्के. पेट्रोल हायब्रिड १२०० सीसी आणि चार मीटरच्या आत असेल तर १८, त्याहून मोठी असेल तर ४०. प्लग-इन असो की साधी, दोघींना हेच माप. रोज रात्री प्लगला लागणारी आणि कधीच न लागणारी यांत कर फरक करत नाही.

(दृश्य: संध्याकाळ. पडवीतला बल्ब मंद होतो, पुन्हा उजळतो.)

आता वहीत न मावलेल्या गोष्टी.

चौदा युनिट रोज म्हणजे महिन्याला तीनशे. दादाच्या घरचा वापर सव्वाशे-दीडशे. महावितरणचा घरगुती दर पायऱ्यांचा आहे. शंभरच्या पुढे एक दर, तीनशेच्या पुढे आणखी चढा. गाडी आली की बिल वरच्या पायरीवर जाणार आणि वहीतले बारा रुपये अपुरे पडणार. त्यावर छपरावरचं सौर पॅनेल हा उपाय आहे. २०२४ च्या पीएम सूर्यघर योजनेत तीन किलोवॅटला ७८ हजारांपर्यंत अनुदान मिळतं, आणि दिवसा तयार झालेली वीज नेट मीटरमुळे रात्री वापरलेल्या विजेतून वजा होते. मात्र आषाढ-श्रावणात आमच्याकडे सूर्य दिवसेंदिवस दिसत नाही, हे धरूनच हिशोब करायचा.

दुसरी गोष्ट अर्थिंग. इलेक्ट्रिशियन आला, त्याने अर्थिंग मोजायचा मीटर लावला आणि नकारार्थी मान हलवली. घराखाली जांभा. मे महिन्यात तो असा कोरडा होतो की जमिनीत पुरलेली तार असून नसल्यासारखी. पंप त्यावर चालला, पण गाडीचा चार्जर अर्थिंग नीट नसेल तर चार्जिंग सुरूच करत नाही. तुमच्या जिवासाठीच तशी रचना असते. शिवाय मंजूर भार वाढवून घ्यायचा, नवी वायर ओढायची. गाडी प्लग-इन असो की पूर्ण विजेची, हे काम चुकत नाही.

मावशी इतका वेळ सुपात तांदूळ निवडत होती. तिने एकच विचारलं, "लाईट नसली तर माका कोल्हापुराक कशी नेतलंस?"

प्रश्न वादळातून आलेला. मे २०२१ मध्ये तौक्ते किनाऱ्याला घासून गेलं, तेव्हा मालवण, देवगडकडे कित्येक दिवस वीज नव्हती. इथे प्लग-इनची बाजू मला खरोखर भक्कम वाटते. वीज नसेल तर पेट्रोलवर निघता येतं. इतकंच नाही, मित्सुबिशीच्या आउटलँडर प्लग-इनसारख्या गाडीत घरातली उपकरणं लावायला १५०० वॉटचा सॉकेट असतो. वादळानंतरच्या काळोखात दोन दिवे, एक पंखा, फोन आणि मावशीचं इन्सुलिन ठेवायला फ्रिज एवढं तेवढ्यावर चालू शकतं. हे सांगितल्यावर मावशीने सूप खाली ठेवलं. "मगे तीच गाडी घेवया ना!"

ती गाडी इथे मिळत नाही, हे तिला सांगणं दादाला जड गेलं.

(दृश्य: फोंडा घाट. उतारावरून खाली येणारी गाडी.)

मग उरतं काय? कमी पल्ल्याची छोटी विजेची गाडी कुडाळच्या धावेला पुरून उरते, पण घाट चढून कोल्हापूरला जाऊन परत यायचं तर चार्जिंगला थांबावंच लागेल. महाराष्ट्राच्या २०२५ च्या ईव्ही धोरणात राष्ट्रीय महामार्गांवर दर पंचवीस किलोमीटरला चार्जिंगची सोय करण्याचं ठरलं आहे. मुंबई-गोवा महामार्गावर ते जसं उभं राहील, तशी पाचशे किलोमीटरची भीती कमी होईल. साधी हायब्रिड आज मिळते, सगळीकडे जाते, पण विजेचा स्वस्त किलोमीटर ती देत नाही. घरात दुसरी जुनी गाडी असेल, तर माझं मत विजेच्या बाजूने. एकच गाडी असेल आणि घरात आजारी माणूस असेल, तर आज मी साधी हायब्रिड सुचवेन.

दादाला हे पटलं, पण अर्धंच. "दोन वर्षां थांबतंय," तो म्हणाला. "जुनी चलता हा. तवसर कोणी प्लगवाली काढल्यान तर बघूया."

(दृश्य: घरामागे खणलेला खड्डा. मीठ, कोळसा, तांब्याची पट्टी.)

गाडी ठरली नाही, तरी इलेक्ट्रिशियनला दादाने परत पाठवलं नाही. जांभा फोडायला दोन माणसांना दिवस लागला. कोळशाचा थर, मिठाचा थर, मधे तांब्याची पट्टी, वर मातीने बुजवून पाणी ओतायला एक नळकांडं. संध्याकाळी मीटर पुन्हा लावला. दादा वाकून आकडा बघत होता, आणि पडवीतून मावशी विचारत होती, "काय रे, लागली काय अर्थिंग?"

"लागली गे!"

तिने कळशी भरली आणि नळकांड्यात ओतायला स्वतः गेली.