सुट्टीतले संशोधन: नाशिक जिल्ह्यातील अन्न आणि आरोग्य

विद्यार्थी मित्रहो, प्राध्यापक आणि पालकहो,

परीक्षा संपल्या की मे-जूनच्या सुट्टीत काय करायचे, हा प्रश्न महाविद्यालयातल्या प्रत्येक विद्यार्थ्यापुढे उभा राहतो. अन्नव्यवस्था आणि सार्वजनिक आरोग्य या विषयात, जाणत्या मार्गदर्शकाच्या हाताखाली आणि रीतसर मानधन घेऊन दोन महिने संशोधनाचे काम करता येते, हे सांगण्यासाठी मी आज आपल्यापुढे उभा आहे. हे काम खऱ्या अर्थाने उपयोगी व्हायचे असेल, तर विद्यार्थ्याच्या हाती एकच नेमका प्रश्न द्यावा, त्याच्या श्रमाचा मोबदला त्याला मिळावा आणि मिळालेले उत्तर ज्यांनी माहिती दिली त्यांच्यापर्यंत परत जावे, असे माझे ठाम मत आहे.

ही कल्पना नवी नाही. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने १९७९ मध्ये वैद्यकीय पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी अल्पकालीन संशोधन शिष्यवृत्ती सुरू केली. मार्गदर्शक निवडायचा, प्रस्ताव पाठवायचा, मंजुरी मिळाल्यावर दोन महिने काम करून अहवाल द्यायचा, आणि तो स्वीकारला गेला की शिष्यवृत्तीची रक्कम मिळवायची, असे तिचे स्वरूप आहे. अमेरिकेतील राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानाने १९८७ पासून पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी उन्हाळी संशोधनाचा सवेतन कार्यक्रम चालवला आहे. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातील सार्वजनिक आरोग्याच्या विद्याशाखेत तर १९९६ पासून शेती, आहार, पर्यावरण आणि आरोग्य यांचा एकत्र अभ्यास करणारे स्वतंत्र केंद्र आहे. शेतात काय पिकते, बाजारात काय विकले जाते, ताटात काय पडते आणि त्याचा शरीरावर काय परिणाम होतो, ही एकच साखळी आहे, असे ही विचारसरणी मानते. आपल्याकडे मात्र पहिली कडी कृषी महाविद्यालयात, दुसरी वाणिज्य शाखेत, तिसरी गृहविज्ञानात आणि चौथी वैद्यकीय महाविद्यालयात शिकवली जाते, आणि या चौघांचे विद्यार्थी एका टेबलाभोवती क्वचितच बसतात.

अशा अभ्यासाला नाशिकइतका योग्य जिल्हा शोधून सापडायचा नाही. निफाड आणि दिंडोरीची द्राक्षे परदेशात जातात, लासलगावच्या बाजार समितीतल्या कांद्याच्या भावाकडे सारा देश डोळे लावून बसतो, आणि त्याच जिल्ह्याच्या पश्चिमेला पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वर हे तालुके आहेत, जिथे नागली म्हणजे नाचणी, वरई आणि भात यांवर कुटुंबे वर्ष काढतात आणि जिथे कुपोषित मुलांच्या याद्या दरवर्षी नव्याने कराव्या लागतात. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रातील पाच वर्षांखालील ३५.२ टक्के मुलांची उंची वयाच्या मानाने कमी आहे, २५.६ टक्के मुले उंचीच्या मानाने कृश आहेत आणि १५ ते ४९ या वयोगटातील ५४.२ टक्के महिलांना रक्तक्षय आहे. हे आकडे राज्याचे आहेत. एखाद्या पाड्यावर असे का घडते, हे मात्र तिथे जाऊन विचारल्याशिवाय कळत नाही, आणि नेमके तेच काम विद्यार्थी करू शकतात.

प्रश्न किती लहान असावा, याचे एक उदाहरण देतो. शाळेतल्या मधल्या सुट्टीच्या जेवणातून प्राथमिक वर्गातल्या मुलाला रोज ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिने मिळावीत, असे शासनाचे प्रमाण आहे. शाळेला उन्हाळ्याची सुट्टी लागली की हे जेवण थांबते. २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दुष्काळग्रस्त भागांत सुट्टीतही ते सुरू ठेवण्याचा आदेश दिला होता, म्हणजे या खंडाचे गांभीर्य न्यायालयापर्यंत पोहोचलेले आहे. मग शाळा बंद असताना दुपारी मुले काय खातात? एवढाच प्रश्न घ्यावा. महाविद्यालयाची आणि शाळेची सुट्टी एकाच वेळी असल्यामुळे हा प्रश्न विद्यार्थ्याला उन्हाळ्यातच नीट अभ्यासता येतो. दोन-तीन पाडे, शाळेत जाणारी मुले असलेली घरे, आणि प्रत्येक घरी मागील चोवीस तासांत मुलाने काय खाल्ले याची नोंद, एवढे काम दोन महिन्यांना पुरून उरते.

ही नोंद घेणे वरवर सोपे वाटते; पण प्रशिक्षणाची खरी गरज इथेच आहे. पाड्यावरच्या आईला ‘काल पोराने काय खाल्ले’ असे विचारले, तर ती सांगते, “सकाळी नागलीची भाकर अन् चटणी, रातीला डाळभात. दुसरं काय?” घाईतला विद्यार्थी एवढे लिहून पुढच्या घरी जातो. जो थांबतो, तो विचारतो, “मग दुपारी पोर कुठं होतं?” तेव्हा कळते की ते गुरांमागे रानात गेले होते, मग त्या मुलालाच विचारले की करवंदे, पाडाला आलेले आंबे, कुणाच्या तरी घरचे उकडलेले कंद, असे एकेक बाहेर येते. आईला यातले काही ठाऊक नसते, कारण तिच्या लेखी खाणे म्हणजे चुलीवर रांधलेले. डाळभाताचे प्रमाणही असेच काढावे लागते. घरातली वाटी पाण्याने भरायची, ते पाणी मोजपात्रात ओतायचे आणि मिलिलिटरमध्ये लिहायचे. भाकरी असेल तर छोट्या काट्यावर ठेवून वजन घ्यायचे. मग भारतीय अन्नघटकांच्या तक्त्यांवरून, जे हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ मध्ये नव्याने प्रसिद्ध केले आहेत, त्या ताटातले पोषण मोजता येते. नागलीच्या शंभर ग्रॅममध्ये सुमारे साडेतीनशे मिलिग्रॅम कॅल्शियम असते, तांदळापेक्षा कितीतरी पट अधिक, हे विद्यार्थ्याने पुस्तकात वाचलेले असते. त्या घरात नागली खरोखर किती खाल्ली जाते आणि नागलीची जागा तांदळाने कुठे घेतली आहे, हे त्याला वाटीच्या मोजमापातून उमगते.

आता उन्हाळी अभ्यासाची मर्यादाही सांगितली पाहिजे, कारण ती न सांगता काढलेला निष्कर्ष दिशाभूल करतो. डोंगरी भागातले टंचाईचे खरे दिवस आषाढ-श्रावणात येतात, जेव्हा जुने धान्य संपलेले असते, नवे शेतात उभे असते आणि रस्ते पाण्याने तुटतात. मे महिन्यात रानमेवा असतो, हातात मजुरीचे चार पैसे असतात. शिवाय दिवाळीनंतर द्राक्षबागांत कामाला गेलेली काही कुटुंबे पावसाच्या तोंडावरच परततात, त्यामुळे मे महिन्यात दार बंद आढळलेली घरे यादीतून गाळली, तर नेमकी सर्वांत गरजू घरे गळतात. बंद दारांचीही नोंद ठेवावी.

द्राक्षबागांतील मजुरांच्या आरोग्याचेही तसेच आहे. निर्यातीच्या द्राक्षांत फवारलेल्या औषधांचे अंश किती राहिले, याची तपासणी काटेकोर होते; २०१० मध्ये क्लोरमेक्वाट या वाढनियंत्रकाच्या अंशांमुळे युरोपात आपला माल अडकला, ती आठवण इथल्या बागायतदारांना आजही आहे. द्राक्ष खाणाऱ्याची काळजी घेणारी एवढी भक्कम यंत्रणा आपण उभी केली, आणि ती हवीच. पण ते औषध ज्याच्या अंगावर उडते त्या फवारणी करणाऱ्याच्या रक्ताची तपासणी कुणी नेमाने करत नाही, ही गोष्ट मला अस्वस्थ करते. या विषयावर काम करू पाहणाऱ्या विद्यार्थ्याने हेही जाणून घ्यावे की एप्रिलच्या खरड छाटणीनंतरच्या, म्हणजे द्राक्षे काढून झाल्यावरच्या छाटणीनंतरच्या, फवारण्या त्याला दिसतील, मात्र ऑक्टोबरच्या गोडी छाटणीनंतर, म्हणजे फळासाठीच्या छाटणीनंतर, काडीवरचे डोळे (कोंब) एकसारखे फुटावेत म्हणून काडीला हायड्रोजन सायनामाइडची पेस्ट लावतात, ते काम उन्हाळ्यात दिसणार नाही. हे रसायन त्वचेला अपायकारक आहे आणि ते अंगात गेल्यावर मद्य घेतले तर तीव्र त्रास होतो, कारण मद्याचे शरीरातील विघटन ते अडवते. ऑक्टोबरमध्ये पुन्हा एक आठवडा काढता येणार असेल, तरच हा विषय हाती घ्यावा. अन्यथा उन्हाळ्यात जे समोर दिसते तेवढेच मोजावे: हातमोजे मिळतात का, डब्यावरची सूचना मजुराला वाचता येते का, फवारणीचे कपडे घरच्या कपड्यांबरोबर धुतले जातात का.

नीतीचा भाग मी थोडक्यात सांगतो, तो दुय्यम आहे म्हणून नव्हे, तर त्याचे नियम स्पष्ट आहेत म्हणून. संस्थेच्या नीतिशास्त्र समितीची मंजुरी काम सुरू होण्यापूर्वी हवी. मुलांच्या बाबतीत पालकांची संमती आणि जाणत्या मुलाचा स्वतःचा होकार हवा. आणि सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या मुलाच्या दंडाचा घेर ११.५ सेंटिमीटरपेक्षा कमी भरला, तर ते मूल तीव्र कुपोषित आहे; तो आकडा वहीत लिहून निघून जाणे अक्षम्य आहे. त्याच दिवशी अंगणवाडी ताईंना आणि प्राथमिक आरोग्य केंद्राला कळवायचे, मग उरलेली घरे.

मानधनाचा मुद्दा अनेकांना गौण वाटतो. मला तो कळीचा वाटतो. सुरगाण्याहून नाशिकला शिकायला आलेला मुलगा सुट्टीत घरच्यांबरोबर मजुरीला जातो, कारण त्या पैशांवर पुढच्या सत्राची खोली आणि खानावळ चालते. संशोधनाचे काम बिनपगारी ठेवले, तर ते ज्यांच्या घरी सुट्टीतली कमाई लागत नाही त्यांच्याच वाट्याला जाईल. आणि ज्याला कोकणा किंवा महादेव कोळी या आदिवासी समाजांच्या घरातली बोली कळते, कुठल्या कंदाला काय म्हणतात ते ठाऊक आहे, तो विद्यार्थी बाहेर राहील. तो बाहेर राहिला, तर वर सांगितलेला दुपारचा प्रश्न विचारायला कुणी उरणार नाही. आपल्या शहरात १९९८ मध्ये स्थापन झालेले महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ आहे, मुक्त विद्यापीठ आहे, कृषी आणि गृहविज्ञानाची महाविद्यालये आहेत. द्राक्ष आणि कांद्याच्या व्यापारावर उभ्या राहिलेल्या संस्थांनी आणि बाजार समित्यांनी यातल्या काही विद्यार्थ्यांच्या दोन महिन्यांच्या मानधनाची जबाबदारी घ्यावी, अशी माझी जाहीर विनंती आहे. हे दान समजू नये. ज्या मजुरांच्या हातांवर हा व्यापार चालतो, त्यांच्या ताटाची माहिती घेण्याचा हा खर्च आहे.

ज्यांना येत्या उन्हाळ्यात काम करायचे आहे, त्यांनी तयारी दिवाळीनंतर लगेच सुरू करावी. डिसेंबरपर्यंत मार्गदर्शक आणि प्रश्न ठरावा, मार्चअखेर नीतिशास्त्र समितीची मंजुरी हाती असावी, एप्रिलमध्ये चार-पाच घरांत प्रश्नावली तपासून घ्यावी. जूनअखेर नोंदी पूर्ण झाल्या की जुलैत आकडेमोड करावी आणि साध्या मराठीत दोन पानांचे टिपण लिहून ते ग्रामपंचायतीकडे द्यावे, म्हणजे १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत ते वाचून दाखवता येईल. तेव्हा श्रावण लागलेला किंवा तोंडावर आलेला असतो, घरातले धान्य तळाशी गेलेले असते, आणि अंगणवाडीत, शाळेत, रेशन दुकानात पुढच्या दोन महिन्यांत काय हवे आहे, यावर गावाला लगेच बोलता येते.