‘व्हिज्युअल लर्नर’ आणि विजेचं बिल

नमस्कार श्रोतेहो. पालकसभेत हल्ली एक वाक्य हमखास कानावर येतं : “आमची मुलगी व्हिज्युअल लर्नर आहे, तिला गणित चित्रांतूनच शिकवा.” कुणी बघून शिकतं, कुणी ऐकून, कुणी वाचून, कुणी करून. न्यूझीलंडच्या नील फ्लेमिंग यांची ‘व्हार्क’ प्रश्नावली याच वाटण्यांवर उभी आहे. पटकन पटावी अशीच कल्पना आहे ही.

पण 2008 साली हॅरोल्ड पॅशलर आणि त्यांच्या सहकारी मानसशास्त्रज्ञांनी तोवरचं संशोधन चाळलं, तेव्हा मुलाच्या शिकण्याच्या शैलीला जुळेल तसं शिकवलं की ते जास्त शिकतं, याला भक्कम पुरावा काही त्यांना सापडला नाही. मुलांना आवडनिवड असते, हे खरंच. ती नाकारायचं कारण नाही.

आता गणित साक्षरता, म्हणजे रोजच्या व्यवहारात गणित वापरता येणं, म्हणजे काय ते बघू. घरचं विजेचं बिल घ्या. पहिल्या शंभर युनिटांना एक दर, त्यापुढच्या युनिटांना चढा दर. शंभराच्या वर एक युनिट गेलं की सगळंच बिल महागतं, असं मोठी माणसंही ठासून सांगतात! तसं नसतं, चढा दर फक्त वरच्या युनिटांना लागतो. हे मुलीला पायऱ्यांचा आलेख काढून कळेल. पण तिला ते आजोबांना तोंडी समजावता आलं पाहिजे, तक्त्यातून वाचता आलं पाहिजे आणि आकडेमोड करून रक्कमही काढता आली पाहिजे. चित्रावरच थांबलो, तर तीन वाटा आपणच बंद केल्या.

अर्थतज्ज्ञ अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि सहकाऱ्यांचा एक अभ्यास 2025 मध्ये ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकात आला. कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारांत काम करणारी मुलं अवघड हिशेब मनातल्या मनात करत होती, पण शाळेच्या पद्धतीनं मांडलेल्या गणितांपाशी बहुतेक जण अडत होते. निव्वळ शाळेत जाणाऱ्या मुलांचं नेमकं उलटं : वहीतली गणितं त्यांना बरी जमत, बाजारातला हिशेब जमत नसे.

मग बाजारातल्या त्या मुलांवर ‘करून शिकणारी’ असा शिक्का मारून त्यांना कागदावरचा भागाकार माफ करायचा का? उद्या कर्जाच्या हप्त्यांचा तक्ता समोर आला, तर तो त्यांना कोण वाचून दाखवणार?