ज्युनियर सिक्स्टीवर नवा कागद

ब्रिटनमधल्या कीलक्राफ्ट कंपनीसाठी आल्बर्ट हॅटफुल यांनी १९४६ साली आखलेल्या या मॉडेल विमानाचे नाव 'ज्युनियर सिक्स्टी'. पंखांची लांबी ६० इंच, म्हणजे सुमारे दीड मीटर. नाव त्यावरूनच पडले. समोरचा सांगाडा त्याच आराखड्यावरून बांधलेला आहे. कागदाच्या चिंध्या झाल्या आहेत, जुना गोंद ठिसूळ होऊन सांधे सुटले आहेत, पण बाल्साचे लाकूड मात्र शाबूत आहे.

खरे दुखणे नाकाशी आहे. छोट्या डिझेल इंजिनाच्या इंधनात ईथर, रॉकेल आणि एरंडेल असते. ईथर उडून जाते, एरंडेल मात्र लाकडात मुरते आणि तेलकट लाकडावर ना गोंद धरत, ना डोप, म्हणजे लाकडाला आणि कागदाला देतात ते, वाळताना कागद आवळणारे लॅकर. म्हणून कॉर्नफ्लॉर थिनरमध्ये कालवून त्याचा लेप द्यायचा, वाळल्यावर तेल पिऊन पिवळसर झालेली पूड ब्रशने झटकायची आणि पूड पांढरीच निघेपर्यंत हे पुन्हा पुन्हा करायचे. हे काम कंटाळवाणे आहे, पण त्याला पर्याय नाही.

तुटलेली पट्टी सरसकट बदलण्याचा मोह, आमच्या मते, आवरावा. दोन्ही टोके लांब तिरकी कापून मध्ये नवा तुकडा चिकटवला, तर सांधा पुरेसा मजबूत होतो आणि जुन्या हातांचे काम शिल्लक राहते. मोडलेल्या फासळीसाठी शेजारच्या धड फासळीवरून पुठ्ठ्याचा साचा कापून घेतला की भागते.

कागद चढवण्याआधी पंख सपाट फळीवर ठेवून त्याचा पीळ तपासायला हवा, कारण पतंगाच्या कागदाहून चिवट असलेला हा टिश्यू केवळ वेष्टन नसून विमानाच्या बळाचा भाग आहे आणि सांगाडा ज्या आकारात असेल त्याच आकारात तो त्याला जखडून टाकतो. लाकडाला डोपचे दोन हात देऊन, बारीक पॉलिश पेपर फिरवून, टिश्यूचे तंतू पंखाच्या लांबीच्या दिशेने येतील असा तो अंथरतात आणि कडेवरून थिनरचा ब्रश फिरवतात. खालचा डोप विरघळून कागद जागच्या जागी चिकटतो. मग पाण्याचा हलका फवारा मारला की सुरकुत्या वाळताना आपोआप ताणल्या जातात. पातळ केलेल्या डोपचे हात त्यानंतर द्यायचे, तेही खिडक्या उघड्या ठेवून आणि आगीपासून दूर, कारण नायट्रेट डोप झटकन पेट घेतो. डोप वाळेपर्यंत पंख फळीवर टाचण्यांनी जखडून ठेवावा लागतो आणि टोकांशी मागच्या कडेखाली पातळ पट्टी सरकवावी लागते. त्यामुळे वेग मंदावला तरी टोकांची उचल शेवटपर्यंत टिकते. डोपने पंख जास्त आवळू नये म्हणून त्यात काही थेंब एरंडेल घालतात. नाक बिघडवणारे तेल इथे औषध ठरते.

शेपटीला मात्र डोपचा एक हात कमीच द्यावा, कारण तिथे वाढलेल्या प्रत्येक ग्रॅमचा तोल सांभाळायला नाकात त्याच्या काही पट शिसे भरावे लागते.