परवान्याच्या कागदासकट

ठाणे-बेलापूर रस्त्यालगतच्या रबाळे-महापे पट्ट्यात जुन्या संगणकांचे भंगार काट्यावर चढते, तेव्हा त्याची वर्गवारी धातूप्रमाणे होते. पत्रा, तांब्याची वायर आणि हार्ड डिस्क यांचे वेगवेगळे ढीग लागतात, सोन्याचा मुलामा असलेले बोर्ड सर्वांत आधी बाजूला काढले जातात, आणि सीडी व छापील पुस्तिकांना भाव नसल्यामुळे त्या रद्दीत जातात. सिलिकॉन ग्राफिक्स या अमेरिकी कंपनीच्या वर्कस्टेशनसाठी, म्हणजे चित्रकामासाठी बनवलेल्या ताकदवान संगणकांसाठी, ही वर्गवारी घातक असते, कारण त्यावरचे चित्रनिर्मितीचे सॉफ्टवेअर एकाच वस्तूत नसते. ते सीडी, डिस्क, बोर्ड आणि परवान्याचा कागद या चारही वस्तूंवर मिळून उभे असते.

या कंपनीचा १९९३ साली आलेला ‘इंडी’ हा निळा, चपटा संगणक मिप्स जातीच्या प्रोसेसरवर आणि आयरिक्स नावाच्या युनिक्स प्रणालीवर चालत असे. त्याच वर्षीच्या ‘ज्युरासिक पार्क’मधील संगणकनिर्मित डायनासोरांना चाल मिळाली ती सिलिकॉन ग्राफिक्सच्या यंत्रांवरील सॉफ्टइमेज या अ‍ॅनिमेशनच्या प्रोग्रॅममध्ये. एलियसचे पॉवरअ‍ॅनिमेटर, पॅरॅलॅक्सचे मॅटाडोर, डिस्क्रीट लॉजिकचे फ्लेम ही त्या काळातील स्टुडिओंची रोजची अवजारे होती. फोटोशॉपचीही आयरिक्सवरील आवृत्ती निघाली होती. पुढे १९९४ मध्ये मायक्रोसॉफ्टने सॉफ्टइमेज विकत घेतले, दोन वर्षांत ते साध्या पीसीवर चालणाऱ्या आपल्या विंडोज एनटी प्रणालीवर आणले, आणि स्वस्त पीसीने ही महागडी यंत्रे हळूहळू बाजूला सारली. २००६ च्या अखेरीस मिप्स-आयरिक्स यंत्रांचे उत्पादन थांबले.

ऐरोलीत राहणारे एक संग्राहक अशा सॉफ्टवेअरच्या शोधात असतात. त्यांच्या टेबलावरच्या इंडीत ‘एचइन्व्ह’ ही आज्ञा दिली, की प्रोसेसर, मेमरी आणि ग्राफिक्स बोर्ड यांची यादी पडद्यावर उतरते, आणि हे यंत्र कोणत्या कामासाठी घेतले गेले असावे, याचा अंदाज तिच्यावरूनच येतो. त्यानंतर ते ‘सिसइन्फो’ ही आज्ञा देतात. तिच्या उत्तरात येणारा यंत्राचा ओळख क्रमांक हा या शोधातील सर्वांत नाजूक धागा आहे. बहुतेक महागड्या प्रोग्रॅमचा परवाना याच क्रमांकाशी बांधलेला असे. कंपनीकडून फॅक्सने किंवा टपालाने आलेली अक्षर-अंकांची लांबलचक ओळ परवान्याच्या फाइलमध्ये जशीच्या तशी टंकावी लागे, आणि ती ओळ दुसऱ्या यंत्रावर निरुपयोगी ठरे. त्यामुळे डिस्क वाचली पण बोर्ड वितळवायला गेला, तर त्या डिस्कवरील प्रोग्रॅम परवाना मागून थांबतो. बोर्ड वाचला पण डिस्क बिघडली आणि कागद रद्दीत गेला, तरी गत तीच होते. आमच्या मते यंत्रापेक्षाही दुर्मिळ आहे तो हा कागद, आणि त्याची कुणी चौकशीही करत नाही.

सीडीच्या बाबतीत वेगळाच घोटाळा होतो. आयरिक्सच्या जुन्या सीडी ईएफएस या सिलिकॉन ग्राफिक्सच्या स्वतःच्या फाइल-पद्धतीत लिहिलेल्या असतात. अशी सीडी विंडोजच्या संगणकात घातली की तो ती वाचू शकत नाही, आणि पाहणारा ती खराब झाली असे समजून टाकून देतो. वास्तविक लिनक्समध्ये ईएफएस वाचण्याची सोय आहे, आणि सीडी वाचायच्या आधीच ‘डीडी’ या आज्ञेने तिची संपूर्ण प्रत घेता येते. ऐरोलीचे संग्राहक प्रत घेतल्यावर सीडीवरचे लेबल, पाकिटावरचा आवृत्ती क्रमांक आणि पेनाने लिहिलेल्या नोंदीही स्कॅन करतात, कारण परवान्याची ओळ अनेकदा पाकिटाच्या मागच्या बाजूलाच लिहिलेली सापडते.

डॅट टेपचे, म्हणजे माहिती साठवायच्या छोट्या चुंबकीय फितींचे काम याहून कठीण आहे. खाडीकाठच्या दमट हवेत टेपला बुरशी धरते आणि ड्राइव्हमधले रबरी रोलर चिकट होतात, म्हणून ड्राइव्हची साफसफाई झाल्याखेरीज हे संग्राहक टेप आत सरकवत नाहीत. स्टुडिओने अपुऱ्या सोडलेल्या दृश्यांच्या फाइल बहुधा अशाच टेपवर असतात, आणि त्या उघडायला सॉफ्टवेअरची नेमकी त्या काळातील आवृत्तीच लागते.

मालकीचा प्रश्नही उरतोच. डिस्क्रीट, एलियस आणि शेवटी २००८ मध्ये सॉफ्टइमेज ही सारी नावे ऑटोडेस्क या सॉफ्टवेअर कंपनीकडे गेली. प्रोग्रॅम बाजारातून उठला म्हणून त्याचा स्वामित्वहक्क संपत नाही, त्यामुळे हे संग्राहक घेतलेल्या प्रती कुणाला वाटत नाहीत. प्रत्येक प्रत मूळ सीडी, मूळ यंत्र आणि मूळ कागद यांच्यासोबतच ठेवतात. वागळे इस्टेट किंवा महापेतील एखाद्या गाळ्यात बंद पडलेल्या स्टुडिओचे सामान विकायला निघाले असेल, तर त्यांची मालकाला एवढीच विनंती असते, की यंत्र काट्यावर चढवण्यापूर्वी कपाटातील फायली आणि खणातील पाकिटे त्याच खोक्यात बांधून द्यावीत.