यंत्र सुरू आहे, पण चालू आहे का?

सकाळचे 8 वाजले आहेत. जिल्हा रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत रुग्णांचे रक्तनमुने अजून यायचे आहेत. बायोकेमिस्ट्री अ‍ॅनालायझरमध्ये, म्हणजे रक्तातील घटक मोजणाऱ्या यंत्रात, पहिला कप ठेवला जातो तो कंट्रोल सिरमचा. त्यातील घटकांचे प्रमाण आधीच ठाऊक असते आणि यंत्राने ते ठरलेल्या मर्यादेत दाखवले, तरच दिवसभराच्या अहवालांवर विश्वासाने सही करता येते.

आज एसजीपीटीचा आकडा मर्यादेबाहेर गेला आहे. पडद्यावर बिघाडाची कोणतीही सूचना नाही. हे यंत्र नमुन्यातून प्रकाश सोडून मोजमाप करते; त्यातील हॅलोजन दिवा मंदावू लागला की बहुधा 340 नॅनोमीटर तरंगलांबीवरचे मोजमाप आधी डळमळते, कारण तेथे या दिव्याचा प्रकाश मुळातच क्षीण असतो. आणि यकृताच्या एसजीपीटी, एसजीओटी या चाचण्या नेमक्या त्याच तरंगलांबीवर मोजल्या जातात.

हा दिवा कोणी बदलून द्यायचा, याचे उत्तर देखभालीच्या करारात शोधावे लागते. साध्या वार्षिक करारात, म्हणजे एएमसीमध्ये, ठरावीक तपासण्या आणि दुरुस्तीची मजुरी येते, सुट्या भागांचा खर्च मात्र सहसा रुग्णालयाकडेच राहतो. सर्वसमावेशक करारात, म्हणजे सीएमसीमध्ये, सुटे भाग धरलेले असतात. पण दिवा, सोडियम-पोटॅशियमचे इलेक्ट्रोड, पंपाच्या नळ्या या वस्तू ‘उपभोग्य’ ठरवून अनेकदा वगळल्या जातात. म्हणून निविदा काढतानाच अशा प्रत्येक वस्तूचा नावानिशी उल्लेख झाला पाहिजे, आणि त्यासाठी रोज यंत्र हाताळणाऱ्या तंत्रज्ञाला भांडार विभागाइतकेच मानाने विचारले पाहिजे.

राष्ट्रीय आरोग्य अभियानाअंतर्गत 2015 मध्ये जैववैद्यकीय उपकरणांच्या देखभालीचा देशव्यापी कार्यक्रम आखला गेला. त्यासाठी झालेल्या नोंदणीत वेगवेगळ्या राज्यांत 13 ते 34 टक्के उपकरणे नादुरुस्त आढळली होती. उपकरण जिल्हा रुग्णालयात 95 टक्के, सामुदायिक आरोग्य केंद्रात 90 टक्के, तर प्राथमिक आरोग्य केंद्रात 80 टक्के काळ चालू असावे, अशी अपेक्षा ठेवण्यात आली.

95 टक्के ऐकायला पुरेसे वाटते, पण त्यात वर्षाचे सुमारे 18 दिवस यंत्र बंद राहू शकते. एकच अ‍ॅनालायझर असलेल्या प्रयोगशाळेत हे दिवस फार जड जातात. हे दिवस तक्रार नोंदवल्यापासून मोजायचे की अभियंता येऊन पाहून गेल्यापासून, हे करारात स्पष्ट नसेल, तर दंडाचे कलम कागदावरच राहते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, कंट्रोल मर्यादेबाहेर देणारे यंत्र सुरू होत असले, तरी ते बंदच धरले जाईल, असे करारात लिहिलेले हवे.

दुपारी अभियंता नवा दिवा बसवतो. त्यानंतर कॅलिब्रेशन, म्हणजे ज्ञात प्रमाणाशी यंत्राचे मोजमाप जुळवणे, होते आणि सामान्य व असामान्य अशा दोन्ही पातळ्यांचे कंट्रोल पुन्हा लावले जातात. दुरुस्तीचा अहवाल टेबलावर तयार आहे, पण तंत्रज्ञांनी अजून त्यावर सही केलेली नाही. त्यांचे लक्ष पडद्यावर उमटणाऱ्या दुसऱ्या आकड्याकडे आहे.