अंबाडीची दाटी, भांगेचं ऊन

नमस्कार श्रोतेहो.

आमच्या घरी पोळा जवळ आला की ओसरीवर वाखाचे पुंजके यायचे. आजोबा मांडीवर वाख पिळायचे आणि दुसरं टोक धरून मी उलटा पीळ द्यायचे. बैलांचे नवे कासरे, दावी, सगळं घरच्या अंबाडीचं. हे आजोबा अंबाडी दोन तऱ्हांनी लावायचे. भाजीची अंबाडी तुरीच्या कडेने, हात-दीड हातावर एकेक रोप. दोराची अंबाडी विहिरीजवळच्या पट्टीत, मुठीने फेकून, बोट शिरणार नाही अशी दाट. बी मात्र एकाच गाडग्यातलं. सुट्या रोपाला बुडापासून फांद्या फुटायच्या, ते पसरायचं. दाटीतलं रोप सरळसोट, फांदी नाही, माझ्या डोक्याच्या कितीतरी वर गेलेलं.

असं का, म्हणून विचारलं तर आजोबा म्हणाले, "शेजारणीची सावली अंगावर येईल म्हणून पळत सुटते ती वर."

त्यांचं हे उत्तर शब्दश: खरं आहे, हे मला फार उशिरा कळलं. म्हणूनच आज ऊन आणि अर्धसावली यांबद्दल बोलायला आले आहे.

अंबाडीचं शास्त्रीय नाव हिबिस्कस कॅनाबिनस. कॅनाबिनस म्हणजे भांगेसारखी. अंबाडीचं बोटं पसरलेलं पान भांगेच्या पानासारखं दिसतं म्हणून हे नाव. कुळं वेगळी, पण दोघींनाही रोखठोक ऊन लागतं, दोघींच्या सालीत वाख असतो आणि दोघी सावली ओळखतात.

उत्तराखंडात कुमाऊँच्या डोंगरात भांग ही गावची जुनी वस्तू आहे. तिच्या बियांची चटणी रोजच्या जेवणात असते, सालीचे दोर वळतात. तिथेही हिशेब आजोबांचाच: धाग्यासाठी दाट पेरा, बियांसाठी अंतर ठेवा. एक गोष्ट स्पष्टच सांगते. १९८५च्या अमली पदार्थविरोधी कायद्यानुसार परवान्याशिवाय भांगेचं झाड लावणं हा गुन्हा आहे. धागा आणि बियांसाठी लागवडीला परवानगी द्यायची तरतूद त्याच कायद्यात आहे. तिचा उपयोग करून उत्तराखंडाने २०१८ साली परवाने द्यायला सुरुवात केली, आणि तेही ज्या वाणात नशेचं द्रव्य ०.३ टक्क्यापेक्षा कमी आहे त्यालाच. तेव्हा आपल्या परसात अंबाडीच बरी. शिकायचं ते तिच्याकडूनही शिकता येतं.

आता सावलीकडे वळू. भिंतीची सावली आणि झाडाची सावली आपल्याला सारखीच गार वाटते. रोपाला तसं वाटत नाही. भिंत सूर्य अडवते. आभाळाचा पसरलेला उजेड तिथे पोहोचतो, पण एकूण उजेड कमी. पान मात्र उजेड चाळणीसारखा गाळतं. त्यातला लाल रंग ते स्वत: खातं आणि लालाच्या पलीकडचा, आपल्या डोळ्यांना जवळजवळ न दिसणारा अतिलाल प्रकाश खाली सोडून देतं. पानांखालच्या उजेडात लाल कमी, अतिलाल जास्त. रोपाच्या अंगात हे प्रमाण मोजणारं एक रंगद्रव्य असतं, फायटोक्रोम. अमेरिकेत मेरीलँडमधल्या बेल्ट्सव्हिलच्या सरकारी संशोधन केंद्रात बोर्थविक आणि हेंड्रिक्स यांनी १९५२ साली सॅलडच्या पानाच्या बियांवर लाल आणि अतिलाल उजेड आळीपाळीने पाडून पाहिला. शेवटचा झोत लाल असला की बी रुजायचं, अतिलाल असला की बहुतेक तसंच पडून राहायचं. १९५९ साली ते रंगद्रव्य तिथेच हाती लागलं.

आणि खरी गंमत पुढे आहे. शेजारच्या पानांवरून परतलेला अतिलाल प्रकाश आडवा येऊन खोडावर पडतो. म्हणजे सावली अंगावर पडायच्या आधीच रोपाला कळतं की शेजारी कुणीतरी आहे. मग ते फांद्यांचा खर्च थांबवतं आणि सगळी ताकद उंचीला लावतं. आजोबा म्हणाले होते, सावली *येईल म्हणून*. नेमकं तेच.

दोराला हे पळणं सोन्यासारखं, कारण बिनफांदीचा वाख लांब निघतो. भाजीला तेच नुकसानीचं. बांधावरच्या आंब्याचा किंवा लिंबाचा वसवा पडतो तिथली अंबाडी बघा. पेरं लांब, खोड बारीक, पानं फिकट, वाऱ्याने लोळते. अशा वेळी आपण खत वाढवतो. खताचं दुखणंच नसतं ते. बी टाकण्याआधी एक दिवस ती जागा सकाळी, दुपारी, संध्याकाळी बघून या. सहा तासांच्या वर थेट ऊन असेल तर अंबाडी लावा. तीन-चार तासच असेल तर त्या जागेला अर्धसावली म्हणायचं. तिथे आलं, हळद, अळू बसवा. त्यांना ते मानवतं. सकाळचं ऊन आणि दुपारची सावली असेल तर ती जागा उन्हाळ्यात रोपांसाठी फार चांगली.

एक अनुभव सांगते. आमच्या घरासमोर रस्त्यावर नवा दिवा लागला. त्या वर्षी नोव्हेंबरात सगळी अंबाडी बोंडावर आली, पण कुंपणाजवळची दोन झाडं हिरवीगार, कळीचा पत्ता नाही. रात्रभर दिव्याचा झोत त्यांच्यावर होता. अंबाडी आणि भांग दिवस लहान झाले की फुलतात. अंधार लांबला नाही, तर त्यांच्या लेखी पावसाळाच चालू असतो. पॅरिसमध्ये ज्युलियन तुर्नुआ या तरुण संशोधकाने १९१२च्या सुमारास भांगेची रोपं दिवसातले मोजकेच तास उजेडात ठेवली आणि ती लवकर फुलली. पुढे पहिल्या महायुद्धात तो मारला गेला आणि काम अर्धवट राहिलं. मला त्याची फार हळहळ वाटते.

दिव्याच्या बाजूने मी तट्टा बांधला. तेव्हा कुठे दोन्ही झाडांना पिवळी फुलं आली, मध्ये गडद जांभळा डोळा असलेली. बी धरायला मात्र उशीर झाला होता. पुढच्या जूनसाठी बी घेतलं ते विहिरीजवळच्या पट्टीतलं.

नमस्कार.